परतणाऱ्याने आधी उतार गाठीशी बांधावा

माझ्या ओळखीतले दोघे-तिघे आणि त्यांच्यासोबत मीही, चाळिशी ओलांडल्यावर माऊंटन बाईकच्या शर्यतीत पुन्हा उतरलो आहोत. मधली दहाहून अधिक वर्षे नोकरी, घर आणि मुलांच्या शाळा यांत गेली. या परतीच्या काळात एक गोष्ट मला पूर्णपणे पटली असून ती इथे सविस्तर मांडत आहे. इतक्या खंडानंतर परतणाऱ्याने आधी उताराची तयारी करावी; चढाची तयारी मागाहून केली तरी चालते.

बहुतेकांचा क्रम याच्या उलट असतो. २०१९ मध्ये मिरामारला आयर्नमॅन ७०.३ ही पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी स्पर्धा झाली, तिच्यातील ९० किलोमीटरच्या सायकलिंगने अनेकांना भुरळ घातली आणि गोव्यात पहाटे डांबरी रस्त्यावर सायकल चालवणारे गट ठिकठिकाणी दिसू लागले. या मंडळींच्या शिस्तीबद्दल मला आदरच आहे. परतणारा माणूस साहजिकच अशा एखाद्या गटात जातो, आठवड्याचे किलोमीटर मोजतो, दम वाढला की समाधान मानतो आणि थेट शर्यतीची नोंदणी करतो.

दम परत येतो, हे खरेच आहे. व्यायाम थांबला की पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते आणि सराव सुरू केल्यावर तेच सर्वांत लवकर भरून येते. व्यायाम न करणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण १० टक्क्यांनी घटते, तर सराव टिकवणाऱ्यांची घट त्याहून बरीच कमी असते. नॉर्वेच्या माऊंटन बाईकपटू गुन-रिटा दाले फ्लेशो यांनी २००४ मध्ये अथेन्सला ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले आणि २०१३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, माऊंटन बाईकच्या मॅरेथॉन म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रकारातील विश्वविजेतेपद जिंकले. स्नायूबंध मात्र हृदय-फुप्फुसांपेक्षा हळू तयार होतात, म्हणून भार सावकाश वाढवावा. क्रॉस-कंट्री शर्यतीत हृदयाचे ठोके बराच वेळ कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांच्या आसपास राहतात, त्यामुळे पस्तिशीपुढच्या प्रत्येकाने नोंदणीआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. या बाबतीत मला कोणतीही सवलत मान्य नाही.

जमीन वाचण्याची नजर मात्र अशी आपोआप परत येत नाही. आपली जमीन तर विशेष कठीण आहे. सत्तरी आणि डिचोलीच्या सड्यांवर जांभ्याचा कठीण, भोकाभोकांचा थर असतो आणि त्यावर वाटाण्याएवढे लालसर खडे सुटे पडलेले असतात. परातीत पसरलेल्या मोहरीवर तळवा सरकावा तसे चाक त्यांवरून सरकते. पावसाळ्यात याच जांभ्यावर शेवाळ धरते आणि सरळ जाणारी सायकलही आडवी होते. पाऊस ओसरल्यावर कमरेएवढे गवत दगड झाकून टाकते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काजूच्या वाळक्या पानांखाली मुळे दिसत नाहीत. (काजू वेचण्याच्या दिवसांत बागायतदाराला विचारल्याशिवाय त्याच्या वाटेने जाऊ नये, आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुळीच शिरू नये.) खाणींच्या रुंद लाल रस्त्यांवर कितीही फेऱ्या मारल्या तरी हे शिकता येत नाही, कारण तिथे चाक नेमके कुठून न्यायचे ती रेषा निवडण्याची वेळच येत नाही.

त्यात मधल्या काळात सायकलही बदलली. आम्ही २६ इंची चाके, पुढे तीन दातेरी चकत्या, लांब स्टेम (हँडलबारला फोर्कशी जोडणारा तुकडा) आणि अरुंद हँडलबार घेऊन शर्यती केल्या. आता चाक २९ इंची असते, पुढे एकच चकती व मागे बारा असतात, ट्यूबलेस टायरमध्ये हवा पूर्वीपेक्षा बरीच कमी ठेवतात आणि ड्रॉपर पोस्टमुळे सीट उतारावर अंगठ्याच्या एका दाबाने खाली जाते. याहून मोठा बदल चौकटीच्या कोनांत झाला आहे. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, अधिक कललेला असल्यामुळे चाक स्वाराच्या बरेच पुढे राहते. तीव्र उतारावर सायकल स्थिर वाटते, परंतु त्या चाकाला पकड मिळण्यासाठी त्यावर पुरेसे वजन असावे लागते. जुन्या सायकलीवर उतार दिसताच शरीर सीटच्या मागे नेण्याची सवय आपल्याला वाचवत असे. नव्या सायकलीवर तीच सवय पुढचे चाक हलके करते आणि वळणात ते निसटते. हातापायांत मुरलेली सवय ऐन घाईत आपोआप वर येते, म्हणून ती शर्यतीपूर्वी, शांतपणे, पुन्हा पुन्हा करून बदलावी लागते.

यासाठी लांब फेरीची गरज नाही. शंभर-दोनशे मीटरचा एकच उतार निवडावा, आधी तो पायी उतरून पाहावा आणि मग त्याच उतारावर सायकल घेऊन पुन्हा पुन्हा यावे. वाळपईजवळच्या एका टेकडीवर सराव करताना कॉलेजात शिकणारा एक मुलगा मला म्हणाला, "काका, ब्रेक वळणाच्या आधी मारा, वळणात सोडा. आणि दगडाकडे बघू नका, दगडाच्या पुढे बघा." त्याच्या मागे राहून त्याची रेषा पकडत उतरताना मला जे समजले, ते महिनोन्महिने डांबरावर मिळाले नव्हते. आपल्याहून पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या मुलाकडून शिकण्यात कमीपणा वाटू नये, असे मी माझ्या वयाच्या सर्वांना कळकळीने सांगेन.

शर्यती भरवणाऱ्यांनाही एक विनंती आहे. आदल्या दिवशी मार्ग सरावासाठी खुला ठेवावा आणि सरावानंतर त्यात बदल करू नये. करावाच लागला तर प्रत्येक स्पर्धकापर्यंत तो पोहोचवावा. टोकियो ऑलिंपिकच्या शर्यतीत मॅथ्यू व्हॅन डर पूल यांच्यासारखा असामान्य स्वार एका मोठ्या दगडावरून खाली कोसळला, कारण सरावाच्या वेळी दगडावरून उतरण्यासाठी तिथे असलेली फळी शर्यतीच्या दिवशीही असेल अशी त्यांची समजूत होती. जगातील अव्वल खेळाडूच्या बाबतीत हे घडते, तर वर्षांनंतर परतलेल्या हौशी स्वाराचे काय होईल, याचा विचार व्हावा. तसेच चाळिशीपुढच्या गटाला तरुणांच्या दोन मिनिटे मागून सोडावे. पहिल्या अरुंद वाटेच्या तोंडाशी होणारी झुंबड त्यामुळे टळेल आणि पुढे जाणाऱ्या मुलांनाही अडथळा होणार नाही.

सत्तरी, डिचोली किंवा पेडण्यातील कोणी अशा परतीच्या विचारात असतील तर त्यांनी खाली कळवावे. पाऊस ओसरून वाट कोरडी झाली की आपण एकत्र उतारावर सराव सुरू करू. हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गुडघ्यांचे पॅड प्रत्येकाने आणायचे आहेत.