नाव नाही म्हणजे पळपुटा? नव्हे!

'पणजोबांचं नाव बसऱ्याच्या स्मारकावर नाही, म्हणजे ते लढाईतून पळाले' असा निष्कर्ष सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. बसरा हे इराकमधलं शहर; तिथलं स्मारक पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत इथे तुर्कांनी ब्रिटिशांच्या हिंदी फौजेला वेढा घातला; त्या वेढ्यात मराठा पलटणीही होत्या. 29 एप्रिल 1916 ला ही फौज तुर्कांना शरण गेली. पण बसऱ्याच्या स्मारकाच्या भिंतीवर हिंदी सैनिकांपैकी फक्त अधिकाऱ्यांचीच नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा! आपल्याकडच्या गावांतल्या संगमरवरी पाट्या तरी काय सांगतात? अमुक माणसं लढाईवर गेली, इतकी मेली. नाव एकाचंही नाही.

इंडिया गेटवरही तेरा हजारांच्या आसपासच नावं आहेत, आणि पहिल्या महायुद्धात मेलेले हिंदी सैनिक सुमारे 74,000. पळून गेल्याची नोंद शोधायची तर ती पलटणीच्या कागदांत. दगडावर नाही.