म्हातारा पाऊस

जुलैत जीन्सचे पाय दोन दिवसांत वाळतात, कंबर तिसऱ्या दिवशी. खिसा वाळतच नाही. तो दिवसभर मांडीला गार लागत राहतो आणि ऑफिसात आपण उगाचच काहीतरी लपवत असल्यासारखे दिसतो.

डोंबिवलीच्या आमच्या वन बीएचकेत सध्या माणसं आणि टीव्ही यांच्या मधोमध कपड्यांचा स्टँड आहे. बातम्या आम्ही मुलाच्या युनिफॉर्मच्या बाहीखालून बघतो. स्टँड पुरत नाही म्हणून खिडकीच्या गजापासून देवघराजवळच्या खिळ्यापर्यंत दोरी बांधली, तर माझा बनियन नेमका गणपतीच्या डोक्यावर आला. आई रोज सकाळी तो वीतभर सरकवते आणि देवाची माफी मागते. माझ्या वतीने.

परवा मोजे वाळेनात म्हणून इस्त्री फिरवली. चर्र झालं, वाफ आली, आणि घरभर उकडलेल्या पायांचा वास सुटला. मोजा मात्र होता तितकाच ओला, फक्त गरम. तोच घालून मी ७.५२ पकडली.

संध्याकाळी आल्यावर म्हटलं, "आता सहन होत नाही."

आईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून चष्मा लावला. तिचं माहेर चिपळूण. पाऊस तिला हवामान खात्यापेक्षा नक्षत्रांवरून जास्त कळतो. "पुष्य चाललंय. म्हातारा पाऊस. तरणा गेला ना मागच्याच आठवड्यात? मग हाही जाईल. नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं, मुक्कामाला थोडंच राहतंय?"

"म्हातारा दमतो असं वाटतं तुला? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तो पुष्यातच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बघ, म्हातारे किती वेळ टिकतात ते."

"बरं," आई म्हणाली, "मग तो काय अजून पडतोय?"

याला उत्तर नव्हतं. मी ओला खिसा उलटा करून पंख्याकडे धरला.

आई पुढची बोटं मोजू लागली. आश्लेषा, मग मघा, सासूंचा पाऊस. मग पूर्वा, सुनांचा. स्वयंपाकघरातून आवाज आला, "आधी सासूंचा का हो?"

"मान असतो. तुमचाही येतोय, तेरा दिवस थांबा."

कुकरची शिट्टी जरा जोरात झाल्यासारखी वाटली. मग उत्तरा, मग हस्ताचा हत्ती, आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास सगळं आटोपलं. पाच बोटांत संपणारं दुःख घेऊन मी इतका आक्रस्ताळेपणा करत होतो, हे मलाही पटायला लागलं. खरंच बरं वाटलं. खिसाही किंचित कोरडा लागला.

"आश्लेषाचं वाहन काय दिलंय बघ रे, पाऊस किती ते त्यावरून कळतं," आई म्हणाली. "बारीक अक्षर आहे."

मी वाचलं. बेडूक.

दोघंही गप्प झालो. आईने कॅलेंडर खिळ्याला अडकवलं, स्टुलावर चढली आणि दोरीला आणखी एक गाठ मारली.