टीएशिपच्या भरवशावर घर तारण ठेवू नका

सांगली-मिरजेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. आशय असा: मुलाला एमएससाठी अमेरिकेला पाठवा. तिथं पोचलं की टीएशिप, म्हणजे टीचिंग असिस्टंटचं काम, मिळतंच. मग फी पूर्ण माफ, वर महिन्याला दीड-दोन लाख पगार. काम काय, तर नुसते पेपर तपासायचे. कमी पडलंच तर बाहेर दुकानात काम करता येतं. आणि शेवटची ओळ: मराठी माध्यमाच्या मुलांनी या नादाला लागू नये, त्यांचं इंग्रजी तिथं चालत नाही.

मी अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या एका सरकारी विद्यापीठात पीएचडी करताना टीए होते. आता सांगलीत इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते. हा मेसेज मोबाईलवर दाखवत ‘मॅडम, कर्जाचं बघायला सुरुवात करू का?’ असं विचारणारे पालक माझ्यासमोर बसतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिला दावा, ‘मिळतंच’. सगळं नुकसान या एका शब्दानं होतं. टीएची जागा मुळात कशासाठी असते ते आधी बघू. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसला किंवा फिजिक्सला एकेका वर्गात शेकडो मुलं बसतात. प्रोफेसर लेक्चर देतात. त्यानंतर त्या मुलांचे लहान गट करून त्यांच्याकडून गणितं सोडवून घेणं, प्रयोगशाळा चालवणं, असाइनमेंट तपासणं ही कामं टीए करतात. म्हणजे विभागाला शिकवायला माणसं हवी असतात, म्हणून या जागा निघतात. आणि त्या आधी पीएचडीच्या विद्यार्थ्यांना जातात, कारण बहुतेक विभाग पीएचडीला प्रवेश देतानाच खर्चाची हमी देतात. उरल्यासुरल्या जागांवर एमएसची मुलं येतात. कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएसच्या मुलांना काम मिळतं, नाही असं नाही; पण ते बऱ्याचदा तासावर पैसे देणारं ग्रेडरचं, म्हणजे फक्त पेपर तपासणाऱ्याचं, काम असतं आणि त्यात फीमाफी नसते. काही एमएस अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकात तर आर्थिक मदत मिळणार नाही असं स्वच्छ छापलेलं असतं. मेसेज पुढं पाठवणाऱ्यांनी ते पान उघडून बघितलेलं नसतं.

त्यात पैशाचा क्रम उलटा आहे. व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद देण्याआधी विद्यापीठ पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवायला सांगतं. तिथं टीएशिप धरायची तर ती लेखी मिळालेली लागते. ‘गेल्यावर मिळेल’ याला त्या कागदावर जागा नाही. म्हणजे कर्ज आधी निघतं. सरकारी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण द्यावं लागतं, आणि अमेरिकेतल्या एमएसचा खर्च त्या मर्यादेत बसत नाही. मग विश्रामबागेतला फ्लॅट नाहीतर गावातलं वडिलोपार्जित घर बँकेकडं जातं. ते तारण कधीतरी मिळेल अशा कामाच्या आशेवर दिलेलं असतं, हे घरात कुणीतरी मोठ्यानं बोलायला हवं.

दुसरा दावा, फी पूर्ण माफ आणि वर भरपूर पगार. लेखी नेमणूक असेल तर ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची मूळ फी, खरंच माफ होऊ शकते, आणि ती फार मोठी गोष्ट आहे. पण अटी वाचा. पूर्ण टीएशिपला तिथं साधारण ‘५० टक्के नेमणूक’ म्हणतात, म्हणजे आठवड्याला २० तास. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन कॅम्पसवर फीमाफीसाठी नेमणूक २५ ते ६७ टक्क्यांच्या दरम्यान असावी लागते. तासावर ग्रेडिंग करणारा त्यात येत नाही. ट्यूशन माफ झाली तरी विद्यापीठाच्या इतर फिया आणि आरोग्यविमा अनेक ठिकाणी आपल्यालाच भरावे लागतात. नेमणूक बऱ्याचदा नऊ महिन्यांची किंवा एकेका सेमिस्टरची असते. उन्हाळ्यात काय खायचं हा प्रश्न उरतोच.

पगाराला डॉलरच्या भावानं गुणून लाखांत वाचायची सवय आपल्याला लागली आहे. भाडं मात्र तिथल्याच डॉलरमध्ये जातं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहाही कॅम्पसवर सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले. त्यांत टीए होते, संशोधन करणारे विद्यार्थी होते, पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधक होते. टीएंचा किमान पगार तेव्हा वर्षाला साधारण २३,००० डॉलर होता आणि त्यात घरभाडंच भागत नाही ही त्यांची मुख्य तक्रार होती. जवळजवळ सहा आठवड्यांनी करार झाला. ऑक्टोबर २०२४ पर्यंत किमान पगार सुमारे ३४,००० डॉलर करायचं ठरलं. ज्या पगारावर राहणं परवडत नाही म्हणून लोक पेपर तपासायचे थांबवून थंडीत उभे राहिले, त्याच पगारातून मुलगा घरी पैसे पाठवेल असा हिशेब आपण सांगलीत बसून मांडतो. त्याच्यावर हे ओझं टाकू नका.

तिसरा दावा मला सगळ्यात जास्त लागतो, तो म्हणजे नुसते पेपर तपासायचे. गट्ठ्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या मुलाला एकाच चुकीला सारखेच मार्क मिळावेत म्हणून आधी गुणांची चौकट बसवावी लागते. प्रत्येक कापलेल्या मार्काचं कारण लिहावं लागतं, कारण मुलं विचारायला येतात आणि त्यांना तो हक्क आहे. ‘ऑफिस अवर’ला, म्हणजे शंका विचारायच्या ठरलेल्या वेळेत, समोर बसलेल्या मुलीला इंटिग्रेशन येत नसतं, पण खरी अडचण अपूर्णांकांत असते, आणि ती तिला कमीपणा न वाटू देता शोधावी लागते. दोन उत्तरपत्रिका शब्दाला शब्द जुळल्या तर काय करायचं याचे नियम असतात. मार्कांची गुप्तता असते: १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्यामुळं कॉलेजातल्या विद्यार्थ्याचे मार्क त्याच्या संमतीशिवाय सहसा कुणाला सांगता येत नाहीत, फोनवर आई असली तरी. इकडं ‘सर, आमच्या पिंट्याचं काय चाललंय?’ असं विचारत वडील थेट स्टाफरूममध्ये येतात, त्यामुळं आपल्या मुलांना हे आधी अंगवळणी पाडावं लागतं. आणि या २० तासांच्या शेजारी स्वतःचे विषय असतात, त्यांत ठराविक ग्रेड टिकवली नाही तर टीएशिप जाते. मला या कामानं शिक्षिका केलं. त्याला हलकं म्हणणाऱ्यानं ते जवळून पाहिलेलं नाही.

चौथ्या, बाहेर दुकानात काम करण्याच्या दाव्यावर फार बोलायला नको, पण घाबरायला मात्र हवं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. ५० टक्क्यांच्या टीएशिपमध्ये ते संपतात. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय दुकानात, पेट्रोल पंपावर काम केलं की व्हिसाचा दर्जा मोडतो, आणि मग शिक्षण, कर्ज, पुढची नोकरी सगळंच धोक्यात येतं. असा सल्ला देणाऱ्या एजंटकडं दुसऱ्यांदा जाऊ नका.

राहिली मराठी माध्यमाची ओळ. ज्यानं ती लिहिली त्यानं जतच्या, आटपाडीच्या किती मुलांचा रस्ता अडवला असेल, याचा मला राग येतो. टीए होण्यासाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा असते हे खरं आहे. इलिनॉय राज्यात तर सरकारी विद्यापीठांत शिकवणाऱ्याचं बोलणं समजण्यासारखं असलंच पाहिजे असा कायदा आहे. पण ती परीक्षा समोरच्याला कळतं की नाही, हे बघते. शाळेचं माध्यम तिथं कुणी विचारत नाही आणि नुसत्या मराठी वळणाच्या उच्चारांनी सहसा कुणी नापास होत नाही. तयारीही इथंच होते: रोज एक गणित फळ्यासमोर उभं राहून इंग्रजीत, सावकाश, मध्ये प्रश्न विचारत समजावून सांगायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करून परत ऐकायचं. ज्या मुलीनं बारावीत गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, तिच्याकडं शिकवण्याचा खरा अनुभव आहे. तो अर्जात लिहावा.

मेसेजमध्ये नाही ती गोष्ट अशी: अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, मधलं एमएस लागत नाही. तीन वर्षांची बीएस्सी असेल तर बहुतेक ठिकाणी आधी एमएस्सी करावी लागते. ज्याला खरोखर संशोधन करायचं आहे त्याच्यासाठी पीएचडी हाच टीएशिपचा सरळ रस्ता आहे. नुसत्या फीमाफीसाठी मात्र पाच-सहा वर्षं त्यात घालू नयेत.

आणि एमएसलाच जायचं असेल तर कर्जाच्या अर्जाआधी विभागाला एक ईमेल पाठवा: गेल्या वर्षी एमएसच्या किती विद्यार्थ्यांना टीएशिप मिळाली, किती टक्क्यांची, आणि फीमाफी होती का? उत्तर गोलमोल आलं तर टीएशिप शून्य धरून हिशेब करा. ऑफर लेखी आली असेल तर त्यात टक्के, महिने, फीमाफी आणि नूतनीकरणाची अट शोधा. अशा आर्थिक मदतीच्या ऑफरला उत्तर द्यायला बहुतेक नामांकित विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात, त्यामुळं ‘आज रात्रीच फी भरा’ म्हणणाऱ्या कन्सल्टंटला थांबा म्हणून सांगता येतं.