मेलेल्या पाद्र्यांना मेणबत्ती, जिवंताची रील

आज सकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) शेर्मांव, म्हणजे प्रवचन, सांगताना आमचे फादर अडखळले. 75 वर्षं झाली की विगारानं, म्हणजे चर्चच्या मुख्य फादरानं, राजीनामा पाठवायचा असतो, तिथवर ते आलेच आहेत. एक पान दोनदा वाचलं गेलं. ध्यानात आल्यावर थांबले, चष्मा काढून झग्याच्या कडेला पुसला, पानं पुढं-मागं केली आणि परत तेच पान काढलं. बस्स, एवढंच झालं. दुपारी आम्ही पानावर बसेस्तोवर मागच्या बाकावरून कुणीतरी काढलेला व्हिडिओ ग्रुपवर हजर, वर हिंदी सिनेमाचं गाणं चिकटवलेलं. त्याखाली हसून हसून रडणारे चेहरे. कुणाकुणाचे ते लिहीत नाही. सकाळी कम्युनियनच्या (पवित्र भाकर घ्यायच्या) रांगेत माझ्या पुढं-मागं हीच मंडळी होती.

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. शब्द कमी-जास्त झाला तर घ्या सांभाळून. नाही घेतलात तरी चालेल.

माझं माहेर श्रीरामपूरकडचं, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. आई मिस्सा चुकवायची नाही आणि फादरांना सोडायचीही नाही. एकदा एका बड्या बागायतदाराच्या घरचं लग्न लांबलं, आणि ऊसतोडीवरच्या एका बाईचं मयत चर्चबाहेर उन्हात ताटकळलं. संध्याकाळी आई डोक्यावर पदर घेऊन फादरांच्या बंगल्यावर गेली, मी तिच्या मागं. आधी हात जोडून ‘जय ख्रिस्त, फादर’. मग उभ्या उभ्याच म्हणाली, “लग्नाची माणसं सावलीत जेवली, फादर. आमची मेलेली उन्हात होती.” फादर खाली बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना डबा पाठवायची पाळी आमच्याच घरची. मला वाटलं, आज काही डबा जात नाही. गेला. पिठलं, बाजरीच्या भाकरी, वर लोण्याचा गोळा, जो आम्हाला दिसलासुद्धा नव्हता. आणि त्याच दिवशी दादानं फादरांच्या लंगडण्याची नक्कल केली, तर त्याच्या कानाखाली असा जाळ निघाला की शेजारी डोकावले.

बोलायचं ते तोंडावर बोलली, घरात नक्कल खपवून घेतली नाही. मला मान राखणं म्हणजे काय ते तिथं कळलं, धर्मशिक्षणाच्या तासाला नाही.

लग्न होऊन गोव्यात बार्देशात आले तेव्हा इथली एक रीत फार आवडली होती. सांजेची प्रार्थना झाली की घरातली पोरं थोरांसमोर ‘बेसांव दी’ (आशीर्वाद द्या) म्हणत उभी राहायची. फादर घरी आले की त्यांच्यासमोरही. आता त्यातलीच पोरं ग्रुपची ॲडमिन आहेत.

मेलेल्या पाद्र्यांचा मात्र आपल्याला केवढा पुळका! 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, दर्शनाला जुने गोव्यात आपण रांगा लावल्या, फोटो टाकले. बाणावलीचा पाद्री जोसेफ वाझ श्रीलंकेतल्या कँडीत हेर समजून तुरुंगात टाकला गेला होता, 2015 मध्ये त्याला संतपद मिळालं तेव्हा आपली छाती फुगली. आणि हाच फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये इथं आला तेव्हा हातात घंटी घेऊन, रस्त्यारस्त्यांतून पोरं गोळा करत फिरायचा. आज फिरला असता तर संध्याकाळपर्यंत त्याच्या घंटीवर रिमिक्स आलं असतं.

लगेच कुणीतरी इन्क्विझिशन, पोर्तुगीज काळातलं ते धर्मन्यायालय, काढेल. काढा. 1560 ला आलं, मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत टिकलं, आणि ते चालवणारे झगेवालेच होते. नाकारत नाही. पण आमच्या विगारानं पान दोनदा वाचलं त्याचा त्याच्याशी काय संबंध?

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला नोहा आठवा. द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडलेला बाप. हामनं बघितलं आणि बाहेर जाऊन भावांना सांगितलं. शेम आणि याफेथ मात्र पाठमोरे आत गेले, बापाकडं न बघता त्याच्यावर पांघरूण घातलं. आपल्या ग्रुपमध्ये सगळे हामच निघाले, शेम एकही नाही.

आता हे वाचून दुसऱ्या बाजूचे लोक खूश झाले असतील, तर त्यांनीही पुढचं वाचा. ते पांघरूण म्हाताऱ्या बापाच्या नशेवर होतं. लेकराच्या अंगावर हात टाकणाऱ्यावर घालायला ते कुणी दिलेलं नाही. 2019 मध्ये पोप फ्रान्सिसनी नियमच केला की असं काही कळलं तर पाद्र्यानं, सिस्टरनं ते वर कळवलंच पाहिजे. आपला पॉक्सो कायदा तर 2012 चा, तो तुम्हाआम्हालाही पोलिसांत कळवायला लावतो. तिथं ‘फादरांबद्दल असं बोलू नये’ म्हणणारी बाई मला त्या व्हिडिओवाल्यापेक्षा जास्त संताप आणते. आणि ते होर्डिंगवर स्वतःचाच फोटो लावणारे पास्टर! हिशेब विचारला की ‘अभिषिक्ताला हात लावू नका’. अहो, त्या स्तोत्रातली ती ओळ अब्राहाम-इसहाक परक्या मुलखात भटकत होते त्यांच्याबद्दल आहे, तुमच्या गाडीच्या हप्त्याबद्दल नाही. पौलानं तीमथ्याला सरळ लिहिलंय, दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय वडिलांवरचा (म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांवरचा) आरोप ऐकू नकोस. त्याच्या पुढचंच वाक्य हे, की जे पाप करतात त्यांना सगळ्यांदेखत दोष दे. दोन्ही बाजू आपापलं वाक्य उचलतात आणि पुस्तक मिटतात.

आईनं मयत उन्हात राहिल्याचं झाकलं नव्हतं. त्यासाठी ती बंगल्याची पायरी चढली होती. पण वाटेत कुणी विचारलं, “कुठं निघालात?” तर म्हणाली, “फादरांकडं, काम आहे.” एवढंच. तो मजकूर फादरांसाठी होता, वाटेवरच्यांसाठी नव्हता.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. खरं सांगू का, फादरांचे शेर्मांव कंटाळवाणे असतात. लांबतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की मोठ्या अक्षरात छापून घ्या, नाहीतर धाकट्या फादरना बोलू द्या. त्यांना ते आवडणार नाही, चिडतीलही, चिडके आहेतच. पण हाच माणूस मागच्या पावसात आमच्या वाड्यावर गुडघाभर पाण्यातून एका आजारी म्हातारीला प्रार्थना करून पवित्र तेल लावायला आला होता, चपला हातात धरून. तेव्हा व्हिडिओ काढायला कुणाचा मोबाइल बाहेर आला नाही. बरंच झालं म्हणा.

मी उद्या पॅरिश ऑफिसात जाऊन मोठ्या अक्षरांचं सांगणार आहे. कुणाला सोबत यायचं असेल तर या, संध्याकाळी उघडं असतं. व्हिडिओ टाकणाऱ्याला आजच फोन केला होता, उचलला नाही. त्याची आई माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे, तेव्हा हे त्याच्यापर्यंत पोचेलच. आणि कमेंटमध्ये ‘कुठला व्हिडिओ, पाठवा ना’ असं कुणी लिहिलं तर थेट ब्लॉक करीन, मग नगरचे असा की म्हापशाचे.