रजईतून उपासना कशी करावी

थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी चर्चला जाणे प्रकृतीला मानवत नाही, हे आमच्या मंडळीतील बऱ्याच जणांनी आता परस्पर ठरवून टाकले आहे. उत्तरेकडून कोरडे वारे येऊ लागतात, आभाळात ढगाचा ठिपकाही नसल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून आपली सगळी ऊब सोडून देते आणि नगरचा पारा पहाटे नऊ-दहा अंशांवर येऊन बसतो. (सरकारदरबारी शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे, परंतु थंडी अजून नगरचीच आहे.) अशा हवेत साडेआठच्या उपासनेसाठी दगडी इमारतीत जाऊन गार बाकावर बसावे, असे पवित्र शास्त्रात कोठेही सांगितलेले नाही. उलट, देवाने पाठवलेल्या गारठ्यापुढे कोण टिकेल, असे 147 व्या स्तोत्रात स्तोत्रकर्त्यानेच विचारून ठेवले आहे. आपण टिकत नाही. आपण नम्र माणसे आहोत. तेव्हा ज्यांना या हंगामात घरबसल्या, किंबहुना घरनिजल्या, उपासना करावयाची असेल त्यांच्यासाठी मी काही सूचना करू इच्छितो. मोबाईल स्टँडवर लावून उपासनेचे थेट प्रक्षेपण करण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे असल्यामुळे या विषयात मला थोडाफार अधिकार आहे, असे मी समजतो.

प्रथम मनातील अपराधी भावना काढून टाकावी. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, 12 एप्रिलचा ईस्टर आपण सर्वांनी आपापल्या दिवाणखान्यात, हातभर पडद्यासमोर साजरा केला, आणि पडद्यावरची उपासना हीसुद्धा उपासनाच असते हे तेव्हा कायमचे सिद्ध झाले. पुढे टाळेबंदी उठली, ही गोष्ट वेगळी. तिचा या सिद्धांताशी संबंध जोडण्याचे कारण नाही.

मोबाईल छातीवर उभा धरू नये, कारण संदेशाच्या दुसऱ्या मुद्द्यावर डुलकी लागते आणि तो नाकावर पडतो. उशी दुमडून तिला तो टेकवावा आणि चहा उजव्या हाताला ठेवावा. उपासना सुरू होताच ‘आमेन’ असे लिहून त्यापुढे हात जोडल्याचे चिन्ह टाकावे, म्हणजे हजेरी लागते आणि पुढचा तासभर आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही. मध्येच आणखी एखादा आमेन पाठवला तर पाळकसाहेबांनाही बरे वाटते. मात्र तो कोणत्या वाक्याला पाठवतो आहोत, इकडे थोडे लक्ष असू द्यावे. मागे ‘पुष्कळांची प्रीती थंडावली आहे’ असे पाळकसाहेब कळवळून सांगत असतानाच एका गृहस्थांनी लागोपाठ तीन आमेन पाठवले होते.

आशीर्वादाच्या वेळी डोके रजईबाहेर काढावे.

थंडीचा त्रास हा रविवारच्या साडेआठपुरताच ठेवावा, नाहीतर लोकांना शंका येते असे नव्हे, तर आपलेच नुकसान होते. जानेवारीतल्या शनिवारी पहाटे सहाला घर सोडून हुरडा खायला जाणे हे याच हवेत अत्यंत आरोग्यदायी ठरते. शेतात आगटीभोवती मांडी घालून बसावे, गोवऱ्यांच्या धगीतून निघालेले ज्वारीचे कणीस कोणीतरी तळहातावर चोळून द्यावे, फुंकर मारून कोंडा उडवावा आणि ते हिरवे, वाफाळते दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकत, ‘थंडी असावी तर अशी,’ असे सर्वांनी एकमेकांना सांगावे. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी आली, तर काळोखात उठून तेथवर जाण्यासही हरकत नाही. गवतावरच्या हिमकणांचे फोटो काढणाऱ्या माणसाला सर्दी होत नाही. फक्त ते फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर रविवारी सकाळी पावणेनऊला टाकू नयेत. नऊ वाजून गेल्यावर टाकावेत.

एवढे करूनही जे हट्टाने चर्चला येतातच, त्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक घरीच ठेवावे. गीतांचे क्रमांक लावलेली भिंतीवरची लाकडी पाटी आता केवळ शोभेसाठी आहे, कारण गीते पडद्यावर येतात. ती येईपर्यंत, म्हणजे प्रोजेक्टरला वायर सापडेपर्यंत, लॅपटॉपला पासवर्ड आठवेपर्यंत आणि ‘अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका’ हा त्या दिवसाचा पहिला संदेश सर्व मंडळीने मनोभावे वाचून होईपर्यंत, हात बांधून उभे राहावे. नारायण वामन टिळक याच नगरात राहिले. विलायती चालींवर मराठी शब्द कसेबसे बसवण्याऐवजी आपल्या माणसाला टाळ घेऊन म्हणता येतील अशी भजने त्यांनी रचली, 1919 साली ते गेले, आणि त्यांच्या मागे आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला ती पुस्तकाशिवाय म्हणता येत असत. आपल्याला पहिली ओळ येते. दुसरी पडद्यावर यावी लागते आणि ती येते तेव्हा पेटी चौथीवर पोहोचलेली असते.

दानार्पणाच्या बाबतीत तर यंत्राने फारच सोय केली आहे. थैली फिरते तशी फिरतेच, पण दाराजवळच्या टेबलावर क्यूआर कोड आहे आणि त्याच्याशेजारी एक बोलका डबा आहे. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची आज्ञा त्या डब्याला कोणी शिकवलेली नसल्यामुळे, ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ असे तो खणखणीत मराठीत शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने सांगतो. त्या गरीब विधवेने भांडारात दोन टोल्या टाकल्या तेव्हा तेथे हा डबा असता, तर बिचारी पुन्हा मंदिराची पायरी चढली नसती. यावर उपाय सोपा आहे. पाचशे देणाऱ्याने शांततेची वेळ निवडावी आणि दहा देणाऱ्याने ध्रुवपदाची.

आपला मोबाईल वाजला, तर शेजाऱ्याकडे रागाने पाहावे.

आता शेवटची सूचना. खरे तर हिच्यासाठीच मी लिहावयास बसलो आहे. प्रक्षेपणात काही दोष वाटल्यास, उपासना कोणत्या टप्प्यावर आहे याचा विचार न करता, प्रक्षेपण करणाऱ्याला तत्काळ फोन करावा.

गेल्या रविवारी मी साडेसातला चर्चमध्ये पोहोचलो. स्टँडचे लोखंड हाताला चटका बसावा इतके गार होते. चर्चमध्ये वायफाय नसल्यामुळे प्रक्षेपण माझ्याच मोबाईलवरून, माझ्याच सिमकार्डावरून होते, म्हणून विमान-प्रवासाची कळ दाबून त्याचे तोंड पूर्ण बंद करता येत नाही. तेवढ्यासाठी मी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून ठेवतो. परमेश्वर आपल्या पवित्र मंदिरात आहे, सर्व पृथ्वी त्याच्यासमोर स्तब्ध राहो, या हबक्कूकच्या वचनाने आमची उपासना सुरू होते, तशी ती सुरू झाली. बाकांवर 21 माणसे होती आणि पडद्यामागे 38. सर्व पृथ्वी स्तब्ध होण्याच्या बेतात असतानाच पडद्यामागून सूचना येऊ लागल्या. कॅमेरा जरा डावीकडे घ्या. कोण कोण आले आहे ते दिसत नाही. पाळकसाहेबांच्या मागचा पडदा नवीन आहे का? संदेश किती वेळ चालेल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मलाही हवे होते, म्हणून मी त्याबद्दल तक्रार करत नाही.

मग मध्यस्थीची प्रार्थना सुरू झाली. आमच्या संडे स्कूलच्या एक निवृत्त बाई आहेत. मंडळीतल्या निम्म्या लोकांना दहा आज्ञा त्यांनी पाठ करून घेतल्या आहेत, मलाही. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्या घराबाहेर पडू शकत नाहीत. त्यांचे धाकटे भाऊ त्याच आठवड्यात पुण्याला वारले आणि बाईंना अंत्यविधीलाही जाता आले नाही. त्या दिवशीची प्रार्थना त्या कुटुंबासाठी होती. पाळकसाहेबांनी बाईंचे नाव घेतले, भावाचे नाव घेतले, आणि माझा मोबाईल थरथरला. तो फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’ने परतवून लावला. परंतु या सोयीत एक दयाळूपणा ठेवलेला आहे. त्याच क्रमांकावरून पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन आला, तर नक्कीच कोणाच्या तरी जिवाशी गाठ आहे असे समजून मोबाईल त्याला आत सोडतो. मोबाईल बनवणाऱ्यांनी माणसाच्या तारतम्यावर ठेवलेला हा विश्वास आमच्या मंडळीत टिकला नाही. दुसरा फोन लगेच आला. मोबाईल भर प्रार्थनेत कर्कश वाजला, चित्र गोठले, आवाज तुटला, आणि सर्व काही पुन्हा जुळवून घेईपर्यंत पाळकसाहेबांचे आमेन होऊन गेले होते.

उपासना संपल्यावर मी त्या क्रमांकावर फोन केला. “तुमचा आवाजच येत नव्हता हो,” असे मला सांगण्यात आले. चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे, की आवाज व्यवस्थित येत होता, परंतु मोबाईल घरातल्या ब्लूटूथ इअरफोनला जोडलेला राहिला होता. ते इअरफोन कानात घालून नातू पलीकडच्या खोलीत झोपला होता. म्हणजे त्या सबंध घरात मध्यस्थीची प्रार्थना ऐकली ती एका झोपलेल्या मुलाने.

संध्याकाळी मी बाईंकडे गेलो. त्यांच्या मुलीने सांगितले, की प्रार्थना सुरू झाली तशी आईने डोक्यावरून पदर घेतला आणि डोळे मिटले. आवाज मध्येच थांबला, तेव्हा मंडळी मौन प्रार्थना करत असावी असे वाटून ती तशीच बसून राहिली. बराच वेळ बसून राहिली. मुलीला तिला सांगण्याचा धीर होईना.

यापुढे मला ‘आपण’ वगैरे म्हणवत नाही. तुमचे घर चर्चपासून चार मिनिटांवर आहे. घंटा तुम्हाला अंथरुणात ऐकू येते. तुमचे गुडघे ठणठणीत आहेत, ते मी शनिवारी शेताच्या बांधावर पाहिले आहेत, फोटो तुम्हीच टाकले होते. हे प्रक्षेपण तुमच्यासाठी नाही. ते बाईंसाठी आहे, डायलिसिसवरून थकून आलेल्यांसाठी आहे, रविवारीही ज्यांची पाळी असते त्या परिचारिकांसाठी आहे, आखाती देशांत एकट्या पडलेल्या आपल्या पोरांसाठी आहे. आपल्या लोकांनी यंत्राला कधी नाक मुरडले नाही. 1842 साली याच गावात ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक छापून निघाले, ते जेथे माणूस पोहोचत नाही तेथे शब्द पोहोचावा म्हणूनच. चार मिनिटांवरच्या धडधाकट माणसाला अंथरुणातून उठावे लागू नये, म्हणून कोणी खिळे जुळवत बसले नव्हते. त्या 38 जणांमध्ये ज्यांना खरोखर येता येत नाही असे मी मोजले, तर ते अकरा भरले. उरलेले सत्तावीस तुम्ही आहात. एकवीसमध्ये सत्तावीस मिळवा. चर्च निम्मे भरते, आणि माणसांनी भरलेले चर्च इतके गार राहत नाही, हे तुम्हाला नाताळच्या सकाळी समजलेच असेल. त्या दिवशी मात्र बसायला जागा नाही म्हणून तुम्ही माझ्याशी भांडला होतात.

आणि भावाच्या प्रार्थनेपासून बाईंना तोडल्याबद्दल अजून एकानेही त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागितलेली नाही. गटावर ‘सॉरी’ टाकून मोकळे झाले आहेत. बाई त्या गटात नाहीत. त्यांच्या घरी जा. तेही पाच मिनिटांवर आहे.

पुढच्या रविवारपासून प्रक्षेपणाला वेगळे सिमकार्ड असेल आणि त्याचा क्रमांक मी कोणालाही देणार नाही. आवाज आला नाही, तर आधी नातवाचे कान तपासा. तरीही आला नाही, तर तोंड धुवा, स्वेटर घाला आणि उठून या.