आधी त्या स्लोच्या स्क्रूवरून हात काढा!

ऑटोमॅटिक काढला, मॅन्युअल गिअरबॉक्स चढवला, गाडी पाचही गिअरमध्ये पळाली, की मिस्त्री हात पुसून मोकळे! मग मालक पहिल्या सिग्नलला थांबतो आणि आरपीएमचा (इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा हजार ते दोन हजार, दोन हजार ते हजार असा नाचायला लागतो. नाहीतर क्लच दाबला की इंजिन सरळ बंद. गाडी परत गॅरेजला आली की स्क्रूड्रायव्हर निघतो आणि थ्रॉटल बॉडीवरचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवरचा, स्लोचा (उभ्या गाडीतल्या इंजिनच्या वेगाचा, म्हणजेच आयडलचा) स्क्रू पिळला जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

अरे, कालपर्यंत हेच इंजिन याच स्क्रूवर गुमान चालत होतं ना? मग बदललं काय? गिअरबॉक्स. मग शोध तिथून सुरू करा. वायरिंग, अर्थिंग, कूलंट, व्हॅक्यूम, जिथे जिथे हात गेला तिथे बघा. स्क्रू शेवटी.

इथे नव्वदच्या दशकातल्या होंडा डोळ्यांसमोर धरतो, कारण जुन्या सिव्हिक आणि सिटीवर हा उद्योग सर्रास होतो आणि सगळ्यात जास्त वाट त्यांचीच लागते. काटा का नाचतो हे तरी आधी समजून घ्या. कुठून तरी हिशेबाबाहेरची हवा आत येते, त्यामुळे थ्रॉटल बंद असूनही आरपीएम चढतो. ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी उताराला लागलीय, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलाय, म्हणून तो पेट्रोलचे इंजेक्टर बंद करतो. आरपीएम पडला की पेट्रोल पुन्हा सुरू. पुन्हा चढला, पुन्हा बंद. ईसीएम त्याचं काम चोख करतोय! आणि तुम्ही स्क्रू उघडून त्याला आणखी हवा देताय.

ही जास्तीची हवा येते कुठून? सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे कूलंट. ऑटोमॅटिकचं तेल थंड करायचे पाइप रेडिएटरमधून जातात. ते काढताना किंवा रेडिएटर बदलताना कूलंट सांडतं, आणि परत भरताना ‘भरलं की झालं’. आत हवेचा फुगा राहतो. थ्रॉटल बॉडीखालचा फास्ट आयडल व्हॉल्व्ह (थंड इंजिनला जास्तीची हवा देणारा) मेणाच्या गोळीवर चालतो. गरम कूलंट त्याच्यापर्यंत पोचलं तरच तो मिटतो. फुगा अडकला की इंजिन तापलं तरी व्हॉल्व्ह थंडच, म्हणून उघडाच. तपासायला पाच मिनिटं पुरतात. रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत इंजिन तापू द्या, हवेचा पाइप काढा, थ्रॉटल बॉडीच्या तोंडात खालच्या बाजूला भोक आहे त्यावर बोट ठेवा. तापलेल्या इंजिनवर तिथे ओढ लागायला नको. लागली तर आधी हवा काढा: इंजिन पूर्ण थंड करून, हीटर फुल गरमवर ठेवून, थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगवरचा ब्लीड बोल्ट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश भरत राहा. त्यानंतरही ओढ राहिली तरच व्हॉल्व्हला दोष द्या. कूलंटची बाटली व्हॉल्व्हपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, पण बिलात व्हॉल्व्ह शोभून दिसतो ना!

दुसरी जागा ब्रेक बूस्टर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेक हलका करणारा डबा. क्लचचं पेडल बसवताना फायरवॉलशी झटापट होते आणि बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप शेजारीच. वीस-पंचवीस वर्षांचं रबर हलवलं की चिरतं. पाइप काढून मॅनिफोल्डकडचं (इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांकडचं) तोंड बुचाने बंद करा. नाच थांबला तर चोर सापडला. मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर कार्ब क्लीनर मारून आरपीएम बदलतो का बघतात, तेही ठीक, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ नको, आणि स्पार्क उडणारी प्लगची वायर असेल तर मुळीच नको. व्हॅक्यूम गेज असेल तर उत्तमच. निरोगी इंजिन मुंबईत स्लोवर साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवतं. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर वर, त्यामुळे तिथे तेच इंजिन दोनेक इंच कमी दाखवेल. म्हणून पुण्यात १६ दिसले की लगेच ‘पिस्टनच्या रिंग गेल्या’ म्हणून मालकाला घाबरवू नका. सुई स्थिर आहे का ते बघा.

ऑटोमॅटिकला थ्रॉटलवरून गिअरबॉक्सकडे जाणारी केबल असते. गिअरबॉक्स गेला, केबल मात्र लोंबकळत तिथेच. तिचा ताण थ्रॉटल पूर्ण मिटू देत नाही. काढा ती.

आता अर्थिंग. बॅटरीची निगेटिव्ह केबल गिअरबॉक्सच्या केसिंगवर बोल्ट होते. नव्या केसिंगला चकचकीत रंग फासलेला असतो आणि बोल्ट त्या रंगावरच कसलेला! मग व्होल्टेज कमी-जास्त, सेन्सरचे सिग्नल हलते, आणि मालकाला सांगायचं ‘सेन्सर खराब’. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, लाल पिन केसिंगच्या उघड्या धातूवर. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं चालू. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर रंग खरवडून बोल्ट पुन्हा कसा. थर्मोस्टॅट हाऊसिंगवरचा अर्थही बघा. त्यावरच ईसीएम उभा आहे आणि कूलंटच्या भानगडीत तोच सुटा राहतो.

आणि सिग्नलला येऊन क्लच दाबल्यावर गाडी बंद पडत असेल, तर स्पीड सेन्सर. तो गिअरबॉक्सवर असतो, म्हणजे जुना गिअरबॉक्स गेला तेव्हा तोही गेला, आणि नव्याचा प्लग जोडलाच नाही किंवा वायर तोडून टेप मारली. गाडी थांबायला आलीय हे ईसीएमला कळतच नाही, मग स्लो वेळेवर सावरणार कसा? तीन वायर आहेत: १२ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. इग्निशन ऑन, गाडी न्यूट्रलमध्ये, पुढचं एक चाक अडवून दुसरं हाताने हळू फिरवा. सिग्नलच्या वायरवर व्होल्टेज शून्यावर जाऊन परत वर यायला हवं. एवढं करायला स्कॅनर लागत नाही. बिघाडाचा कोड बघायलाही लागत नाही. डॅशबोर्डखालचा दोन पिनांचा सर्व्हिस प्लग वायरच्या तुकड्याने जोडा आणि चेक इंजिनच्या दिव्याचे झपके मोजा. लांब झपका दहाचा, आखूड एकाचा. १४ म्हणजे आयडल व्हॉल्व्ह (ईसीएम ज्यातून स्लोची हवा कमी-जास्त करतो तो), १७ म्हणजे स्पीड सेन्सर, ७ म्हणजे थ्रॉटल सेन्सर. आणि १९ दिसला तर समजा ईसीएम अजून ऑटोमॅटिकचाच आहे आणि गिअरबॉक्सचा लॉक-अप सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) शोधतोय, जो भंगारात गेला!

ही तर खरी मेख. ऑटोमॅटिकच्या ईसीएमला सिलेक्टरवरच्या स्विचकडून कळायचं की गाडी पार्क-न्यूट्रलमध्ये आहे की ड्राइव्हमध्ये. ड्राइव्हला टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो त्याचा) भार येतो, म्हणून तो स्लो सांभाळून घेतो. स्विच तोडून फेकलात, आता तो कायम नसलेला भार सांभाळतोय. उपाय म्हणजे त्याच इंजिनाचा मॅन्युअलचा ईसीएम. तोवर पार्क-न्यूट्रलची सिग्नल वायर अर्थला देऊन काम भागवतात, पण ती वायर वायरिंगच्या नकाशावरून ओळखायची, अंदाजाने नाही. स्टार्टरची वायर त्याच स्विचमधून जाते, चुकीची अर्थला दिलीत तर फ्यूज तरी उडेल किंवा वायरिंग जळेल. इमोबिलायझर असलेल्या गाडीत तर नुसता ईसीएम आणून भागत नाही, त्याच्या जोडीची चावीही लागते.

कुर्ल्यात किंवा नाना पेठेत माल घ्यायला जाता तेव्हा फक्त गिअरबॉक्सवर घासाघीस करून परत येता, तिथेच अर्धं काम बिघडतं. ईसीएम, स्पीड सेन्सर वीतभर वायरसकट, फ्लायव्हील त्याच्याच बोल्टसकट (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असलेल्या ड्राइव्ह प्लेटचे बोल्ट आखूड असतात, ते फ्लायव्हीलला लावाल तर जीव जाईल कोणाचा तरी), क्लच पेडल, स्टार्टर, ड्राइव्ह शाफ्ट, माउंटिंग, सगळं एकाच गाडीचं मागा. ऑटोमॅटिकची माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्स धरणारे रबराचे आधार) ठेवली तर स्लोवर स्टिअरिंग थरथरतं, आणि तेही ‘मिसफायर’ म्हणून स्पार्क प्लग बदलून बिलात लावलं जातं.

हे सगळं झाल्यावर, फक्त तेव्हाच, स्क्रू. तोसुद्धा हवेचा आयडल स्क्रू. थ्रॉटलच्या आडवा येणारा स्टॉप स्क्रू नव्हे. तो कंपनीत बसवून रंगाचा ठिपका मारलेला असतो. तो फिरवलात की थ्रॉटल सेन्सरचं मिटलेलं व्होल्टेज साधारण ०.५ वरून सरकतं आणि थ्रॉटल बंद आहे हेच ईसीएमला पटत नाही. इंजिन पूर्ण गरम, एसी-लाइट-पंखा सगळं बंद, आयडल व्हॉल्व्हचा प्लग काढा. आरपीएम मॉडेलप्रमाणे साडेचारशेच्या आसपास आणा, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. इंजिन बंद, प्लग लावा, ईसीएमची आठवण पुसायला बॅकअप फ्यूज दहा सेकंद काढून ठेवा, परत लावून सुरू करा आणि ॲक्सिलरेटरला हात न लावता गरम होऊ द्या. सातशेच्या आसपास शांत बसला तर ठीक. नाही बसला तर स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा आणि पुन्हा बूस्टरच्या पाइपपाशी जा.