काळ्या वाळूतल्या थोरियमबद्दल खुलासा

"रत्नागिरीची काळी वाळू केरळसारखीच थोरियमने भरलेली, किरणोत्सर्गी आहे, मुलांना खेळू देऊ नका" हा मेसेज चार दिवस फिरतोय. मांडवीच्या एका काकूंनी नातवंडांना किनाऱ्यावर न्यायचंच बंद केलं, म्हणून हे लिहितोय.

वाळू काळी आहे हे खरं. मांडवी, काळबादेवी, मालगुंड इथला काळेपणा मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या खनिजांचा. ती आली आपल्या सड्यांच्या काळ्या बेसाल्टमधून, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकातून, आणि जांभ्यातून. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक वाळूत फिरवा, मॅग्नेटाइटचे कण लगेच चिकटतील.

थोरियमची गोष्ट वेगळी. शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, थंड होताना प्रत्येक स्फटिक आपल्या मापाचेच अणू आत घेतो. निकेल ऑलिव्हिन या खनिजात शिरतं, स्ट्रॉन्शियम प्लॅजिओक्लेज या खनिजात कॅल्शियमची जागा घेतं. थोरियमचा आयन (विद्युतभारित अणू) मोठा, वर त्याचा विद्युतभार चार. बेसाल्टच्या नेहमीच्या खनिजांत तो मावत नाही. तो उरलेल्या रसातच राहतो आणि शेवटी ग्रॅनाइटसारख्या खडकांत साठतो. म्हणून बेसाल्टमध्ये थोरियम दहा लाखांत जेमतेम काही भाग, ग्रॅनाइटमध्ये त्याच्या कितीतरी पट. केरळच्या वाळूतलं मोनाझाइट, म्हणजे थोरियम असलेलं खनिज, तिथल्या ग्रॅनाइट-नाइससारख्या जुन्या खडकांतून आलंय, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या लाव्हातून नव्हे. रंग सारखा दिसला तरी उगम वेगळा.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर पाठवला असेल, तिथे हा खुलासा टाका.